जमिनीवरचं मीठ

"विमान सुटायला चाळीस मिनिटं!"

कॅप्टनबाईंनी टाळी वाजवून ही आरोळी ठोकली की शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत असा काही गदारोळ उडायचा की पहिल्या मंगळवारी खालच्या मजल्यावरचा शिपाई पाण्याची बादली घेऊन जिना चढून आला होता. त्याला वाटलं, आग लागली. आग लागली होती हे खरं, पण ती सहा शेगड्यांना आणि सोळा मुलांच्या अंगात. शिपायाच्या हातातली बादली बाईंनी काढून घेतली, "आणलंच आहे तर कणकेला घेते," म्हणाल्या आणि त्याला दारातूनच वाटेला लावलं.

आता ही बाई काही खरी कॅप्टन नव्हे. विमानतळाशेजारी एक भलंमोठं स्वयंपाकघर होतं. विमानात प्रवाशांच्या पुढ्यात जे झाकलेले ट्रे येतात, ते तिथं भरले जात. त्या स्वयंपाकघरात बाईंनी सव्वीस वर्षं काढली. चाळीस देशांचं जेवण त्यांच्या हाताखालून गेलं. प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड असे, त्यावर फोटो आणि ग्रॅमात मापं. गाजराचे तीन तुकडे, घड्याळात दोन वाजतात त्या जागी. भात एकशेवीस ग्रॅम, उजवीकडे. पाच ग्रॅम इकडेतिकडे झालं की ट्रे परत. मग एक दिवस ते स्वयंपाकघर दुसऱ्या शहरात हललं आणि बाई घरी बसल्या. घरी बसणं हा त्यांचा पिंडच नव्हे. तीन महिन्यांत त्यांनी घरातले सगळे डबे वजन करून, चिठ्ठ्या लावून, उंचीप्रमाणे मांडले. सोबत राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या ताईला एक दिवस साखर सापडेना, तेव्हा तिनं कोपरापासून हात जोडले. "कुठंतरी जा गं बाई. रोज जा. संध्याकाळपर्यंत येऊ नकोस."

म्हणून बाई शाळेत आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. चौदा-पंधरा वर्षांची मुलं शाळा सुटल्यावर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात, त्यापेक्षा त्यांना स्वयंपाकातून जगाची ओळख करून द्यावी, अशी मोठ्या बाईंची कल्पना. पण कल्पना आणि खोली यांत नेहमी भांडण असतं. रिकामी खोली एकच होती, ती जुनी प्रयोगशाळा, आणि तिच्यावर गणिताच्या सरांचा डोळा होता. त्यांना जादा तास घ्यायचे होते. तेव्हा ठरलं असं, की आधी सहा मंगळवार करून बघायचं. सहाव्या मंगळवारी पालकांना बोलवायचं, मोठ्या बाई स्वतः जेवणार. जमलं तर वर्षभर वर्ग. नाही तर खोली गणिताला. गणिताच्या सरांनी दुसऱ्याच दिवशी येऊन बाकं कुठं बसतील याची मापंसुद्धा घेतली होती.

कॅप्टनबाईंना हा वर्ग हवाच होता, आणि त्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यांनी लाखो ट्रे भरून पाठवले, पण त्यातला एक घासही कुणी खाताना त्यांनी पाहिला नव्हता. ट्रे गाडीत जात, गाडी विमानाकडे जाई, विमान वर जाई. रिकामे ट्रे परत येत ते खरकट्याच्या विभागात, भिंतीपलीकडे. कुणाला आवडलं, कोण बोटं चाटत बसलं, कुणी डोळे मिटले, काही कळायला मार्ग नव्हता. आपल्या हातचं खाऊन माणसाचा चेहरा कसा होतो ते एकदा तरी बघायचं, एवढीच त्यांच्या मनातली इच्छा होती.

आणि सुरुवात तर फक्कड झाली. बाईंना शिकवायची एकच पद्धत ठाऊक होती, ती म्हणजे विमान सुटायच्या आत ट्रे भरायचे. भिंतीवर मोठं घड्याळ, हातात कार्डांची फाइल, आणि दर दहा मिनिटांनी आरोळी. "तीस मिनिटं! कांदा अजून पांढरा का?" "वीस! झाकणं कुठायत?" "दहा! दार बंद होतंय!" मुलं नुसती पेटली. ज्यांना घरी पाण्याचा पेला उचलून ठेवायला सांगितलं तर पाय दुखायचे, ती इथं काउंटरवरून उड्या मारायची बाकी राहिली. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, ज्याला सगळे खांब म्हणत, तो वरच्या फळीवरची भांडी नुसता हात लांब करून झेलायचा. कपाटात जीवशास्त्राचा सांगाडा होता, त्याच्या डोक्यावर कुणीतरी स्वयंपाक्याची टोपी चढवली आणि त्याला पहिला प्रवासी करून टाकलं. पहिल्या मंगळवारी मेक्सिको गाठलं. मक्याच्या पातळ भाकऱ्या आणि घोटलेला राजमा. दुसऱ्या मंगळवारी जॉर्जिया, गाठ मारलेल्या पुरचुंडीसारखे उकडलेले गोळे, आत रसाळ सारण. तिसऱ्याला जपान, चौथ्याला मोरोक्को. सोळा ट्रे, सोळाही एकसारखे, घड्याळाच्या ठोक्याला तयार.

पहिल्या मंगळवारी मोठ्या बाई आल्या होत्या. त्यांनी राजम्याचा एक चमचा घेतला, घशाशी हात नेला, "छान, छान" म्हणाल्या आणि घाईनं निघून गेल्या. त्यानंतर त्या काही फिरकल्या नाहीत. गणिताच्या सरांशी मात्र जिन्यात उभं राहून बोलताना दिसायच्या. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण मुलं ट्रे चाटूनपुसून संपवत आणि खाऊन झाल्याबरोबर एकजात बाहेरच्या नळाकडे धावत. किती शहाणी मुलं, बाईंना वाटे, न सांगता हात धुतात.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे शंका म्हणत, कारण तिला ती सतत यायची. बुटकी, दोन्ही खिशांत कागदाच्या चिठ्ठ्या, आणि तोंडात "पण". "पण कॅप्टन, हे लोक हे खातात कसं?" "तोंडानं." "तसं नाही. जमिनीवर बसून? काट्यानं? आधी कोण सुरू करतं?" कार्डावर हे काही लिहिलेलं नसे. एक-दोनदा बाईंनी तिला उडवून लावलं, शेवटी हात टेकले. "तूच शोधून आण. दर मंगळवारी तुझी दोन मिनिटं."

झालं, पोरीला तेवढंच हवं होतं. जॉर्जियाच्या दिवशी ती सांगू लागली, "हे काट्यानं खायचं नाही. गाठीला धरायचं, उलटं करायचं, बारीक चावा घेऊन आधी रस ओढून घ्यायचा. आणि गाठ खायची नाही, ताटात ठेवायची. मग कुणी किती खाल्ले ते गाठी मोजून कळतं." बाईंनी कपाळाला हात लावला. वर्षानुवर्षं त्या गोळ्यांच्या शेजारी त्यांनी स्वतः काटा ठेवला होता, दाते वर करून. मोरोक्कोच्या दिवशी शंका म्हणाली, "ते लोक असे एकामागे एक बसत नाहीत, कॅप्टन. मध्ये एक ताट, आणि प्रत्येकानं आपल्या समोरचा भाग खायचा." मुलं तेव्हा फळ्याकडे तोंड करून ओळीत बसली होती, प्रत्येकापुढे आपापला ट्रे, अगदी विमानात बसतात तशी. बाई म्हणाल्या, "आपल्याकडे वेळ नाही." पण ते वाक्य त्यांना घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

पाचव्या मंगळवारी हंगेरी होतं. बटाट्याचा लालभडक रस्सा, गोडसर तिखटाच्या पुडीनं रंगलेला. मीठ मोजायचं काम त्या दिवशी शंकाकडे होतं. तिनं कार्ड वाचलं, वजनकाट्यावर वाटी ठेवली आणि थांबली.

"कॅप्टन, सोळा जणांना बासष्ट ग्रॅम?"

"कार्डावर आहे ना? मग घाल."

तिनं घातलं. बाईंनी चमचा बुडवून चाखलं आणि सवयीनं वरून आपली एक चिमूट टाकली. शंकाचे डोळे त्या चिमटीवर खिळले.

"कॅप्टन, एक विचारू? तुमचं जेवण विमानात कसं लागतं?"

"मला काय माहीत?" बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "मी कुठं बसलेय विमानात!"

सगळ्यांचे हात थांबले. खांबाच्या हातातली कढई हवेतच राहिली. "कॅप्टन, तुम्ही विमानात बसला नाहीत?"

"सव्वीस वर्षं विमानं भरली, बसायला वेळ कुणाला होता? अठरा मिनिटं! कांदा बघा!"

पण शंका हलली नाही. तिनं खिशातून एक चिठ्ठी काढली आणि ती चुरगाळत म्हणाली, "माझा काका विमानानं जातो-येतो. तो म्हणतो, वर गेलं की सर्दी झाल्यासारखं होतं, चवच लागत नाही. मी शोधलं तर खरंच तसं निघालं. म्हणून वरच्या जेवणात मीठ मुद्दाम जास्त घालतात म्हणे. कॅप्टन, ही कार्डं... वरची आहेत ना?"

बाईंचा हात चमच्यासकट तसाच राहिला. आणि एवढ्या वर्षांखाली पुरलेला एक आवाज एकदम वर आला. कामावरचा पहिला आठवडा. तिथला म्हातारा मुख्य स्वयंपाकी, ज्याला सगळे वस्ताद म्हणायचे, तो पळीनं पातेल्याची कड वाजवत सांगत होता, "वर गेलं की जीभ झोपते, पोरी. तिला उठवायची तर मीठ दीडपट." त्या दिवशी ते बाईंना मोठं नवल वाटलं होतं. मग कार्डं आली, कार्डांवर आकडे आले, आकड्यांची सवय झाली, आणि ते दीडपट आहेत हे त्या साफ विसरून गेल्या. रोज चाखून चाखून स्वतःची जीभही त्याच मापाची होऊन बसली.

त्यांनी मुलांकडे पाहिलं. मुलांनी जमिनीकडे पाहिलं.

"म्हणजे चारही मंगळवार..." बाई म्हणाल्या. "आणि तो नळ? तुम्ही हात धुवायला..."

खांबाला खोटं बोलता येत नसे, ती त्याची अडचणच होती. "हात धुवायला नाही, कॅप्टन. पाणी प्यायला."

"सगळे?"

"जपानच्या दिवशी तर रांग जिन्यापर्यंत गेली होती."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कॅप्टनबाई स्टुलावर बसल्या. त्या दिवशी विमान काही सुटलं नाही. त्यांनी गॅस बंद केले, "उरलेलं झाकून ठेवा," एवढंच म्हणाल्या आणि फाइल काखेत मारून निघून गेल्या. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी घशाशी हात का नेला होता, ते त्यांना जिना उतरता उतरता कळलं, आणि अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं.

घरी ताई भाजी निवडत बसली होती. ताईला रक्तदाबाचा त्रास, म्हणून ती कित्येक वर्षं आपल्यापुरतं वेगळं शिजवून घ्यायची, आणि त्यामुळे बाईंच्या हाताला नावं ठेवणारं घरात कुणी उरलंच नव्हतं. बाईंनी सगळं सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक देठ मोडून टाकला.

"अगं, माझा रक्तदाब चार वर्षांपूर्वीच ठीक झालाय."

"मग वेगळं का शिजवतेस?"

"का म्हणजे? तुझ्या हातचं खाल्लं असतं तर पुन्हा वाढला असता."

"ताई! मला सांगायचं नाही?"

"तुला? तू ग्रॅमात मोजून घालतेस. मोजणाऱ्या माणसाला कोण सांगणार, मोजमाप चुकलं म्हणून?"

बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. घरात बहीण आणि शाळेत सोळा पोरं, सगळ्यांनी त्यांना ताकास तूर लागू दिली नव्हती. लाज वाटत होतीच, पण तिच्या बुडाशी आणखी एक गोष्ट टोचत होती. मुलं ट्रे रिकामे करत, तेव्हा त्यांच्या तोंडावर जे दिसायचं त्याला बाई इतके दिवस समाधान समजत होत्या. म्हणजे जे बघायला त्या आल्या होत्या, ते अजून त्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि हातात उरला होता एक मंगळवार.

शनिवारी मुलांना बोलावलं होतं, कारण सहाव्या मंगळवारी इथियोपिया होतं आणि तिथल्या भाकरीचं पीठ दोन-तीन दिवस आंबवावं लागतं. बाईंना वाटलं, आता कोण येतंय! दार उघडून बघतात तर सोळाच्या सोळा हजर, बाह्या वर केलेल्या.

"खारट होतं तर येत का होता रे तुम्ही दर वेळी?" बाईंनी विचारलं. आवाज कडक ठेवायचा त्यांचा बेत होता, पण तो काही पार पडला नाही.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग शंकाच म्हणाली, "विमान सुटायचं ना, कॅप्टन. दिवसभर आम्ही नुसते बसून असतो. इथं चाळीस मिनिटांत काहीतरी होतं."

"आणि खाल्ल्या मिठाला जागायला नको?" खांब म्हणाला. "तेही एवढ्या!"

या वेळी सगळे हसले, बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी टेबलावरची मिठाची बरणी उचलून शंकाच्या हातात दिली. "आजपासून ही तुझ्याकडे. घड्याळ माझं, जीभ तुझी. मी बरणीजवळ दिसले तर ओरडायचं."

मंगळवार उजाडला तोच फसफसत. पीठ रातोरात भांड्याबाहेर येऊन काउंटरवर पसरलं होतं, खोलीभर आंबूस वास, आणि मुलं वेडीपिशी झालेली. "जिवंत आहे, कॅप्टन! बुडबुडे बघा!" शाळा सुटली, शेगड्या पेटल्या. एकाच बाजूनं भाजायची ही भाकरी. तव्यावर पातळ ओतायची, वर जाळी पडली की झाकण, आणि उलटायची नाही. पहिली चिकटली. दुसरी फाटली. तिसरी खांबानं तव्यावरून अलगद सोडवून दोन्ही हातांवर धरली, हातरुमालासारखी मऊ आणि भोकाभोकांची, आणि सगळ्या वर्गानं असा गलका केला की कपाटाचं दार हलून आतला सांगाडा खुळखुळला.

बाई मात्र त्या भाकरीकडे बघतच राहिल्या. "ही? ही तर मी कित्येकदा भरलीये! कार्डावर होतं, घडी, सत्तर ग्रॅम, कोपऱ्यात. मला वाटायचं शोभेला देतात."

"शोभेला नाही, कॅप्टन," शंका चिठ्ठी नाचवत म्हणाली. "हेच ताट आणि हाच चमचा. मोठ्या ताटात भाकरी पसरायची, त्यावर सगळे रस्से वाढायचे, आणि भोवती बसून हिचाच तुकडा तोडून सगळं उचलायचं. एकाच ताटात सगळ्यांनी."

"ते नंतर बघू. घरटी एक, सोळा पाहुणे, सोळा ट्रे. चाळीस मिनिटं!"

पण पाहुणे सोळा नव्हते. प्रत्येक मुलानं घरी जाऊन काय काय सांगितलं होतं देव जाणे, कुणाची आई आली, कुणाची आजी, कुणाचे आईवडील दोघं आणि कडेवर धाकटं. जिन्यात ही गर्दी! खांबानं दारातून डोकी मोजली आणि धावत आला. "एकतीस, कॅप्टन!" आणि त्यांच्या मागून मोठ्या बाई, हातात लीटरभर पाण्याची बाटली छातीशी धरून. त्यांच्यामागे गणिताचे सर, खिशात मापपट्टी.

बाईंची पाचावर धारण बसली. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जागा जितक्या, तितकेच प्रवासी. सोळा ट्रे एकतिसांना पुरवायचे कसे, हे कुठल्याच कार्डावर नव्हतं. त्यांनी फाइल उघडली, पानं उलटली, पुन्हा उलटली. वीस मिनिटं राहिली होती.

"कॅप्टन," शंका त्यांच्या कोपराशी येऊन हळूच म्हणाली, "एका ताटाभोवती कितीही बसतात."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग फाइल मिटली आणि कपाटात सांगाड्याच्या पायाशी ठेवून दिली.

"ट्रे उचला!" त्या गरजल्या. "सगळे! बाकं भिंतीला लावा, चटया टाका. खांबा, मोठ्या बाईंच्या ऑफिसात बक्षीस समारंभाची मोठी तबकं आहेत, चार, पळ! मसुराच्या रश्श्यात डाळ वाढवा, पाणी वाढवा, गॅस मोठा! कोबी-गाजर आणखी चिरा, मापं नाहीत, डोळ्यानं बघा! सतरा मिनिटं!"

आणि मग जे काही झालं त्याला तोड नव्हती. बत्तीस हात एकाच वेळी चालत होते. एकजण चिरतोय, दुसरी ढवळतेय, भाकऱ्यांची चळत वाढतेय. खांब एकावर एक चार तबकं डोक्यावर घेऊन जिन्यानं आला, वरच्या तबकातली बक्षिसाची फीत अजून तशीच. दारातली आजीमंडळी आत येऊन सल्ले देऊ लागली, त्यांच्या हातात कोबी देऊन बसवलं. रस्सा दुप्पट झाला, रटरटू लागला, आणि आता प्रश्न उरला तो एकच.

शंका बरणी घेऊन पातेल्यासमोर उभी होती. "कॅप्टन, आकडाच नाही आता. चुकलं तर?"

बाईंचे हात बरणीकडे निघालेच होते. त्यांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट गुंफले. "थोडं घाल, ढवळ, चाख. पुन्हा थोडं घाल. चुकायचंच असेल तर कमी घालून चूक. वरून घालता येतं, काढता येत नाही. एवढं एकच मला अजून खात्रीनं माहीत आहे."

शंकानं घातलं, ढवळलं, चाखलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा चमचा तोंडात धरून ती डोळे मिटून उभी राहिली. मग तिनं डोळे उघडले आणि बरणीचं झाकण लावलं.

"दार बंद!" बाई ओरडल्या. घड्याळात बरोबर चाळीस मिनिटं झाली होती.

चार तबकं, त्यांवर पसरलेल्या भाकऱ्या, मधोमध लाल मसूर, भोवती पिवळी कोबी आणि गाजर. माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली. काटे-चमचे शोधणाऱ्यांना मुलांनीच समजावलं, "तुकडा तोडा, आपापल्या समोरचं उचला, उजव्या हातानं." मोठ्या बाईंनी बाटली मांडीशी उभी केली, झाकण अर्धं सैल करून ठेवलं आणि युद्धावर निघाल्यासारखा पहिला तुकडा तोडला.

कॅप्टनबाई काउंटरला टेकून बघत राहिल्या. मग एका आजींनी डोळे मिटले. एका बापानं बोट चाटलं आणि कुणी बघितलं का म्हणून आजूबाजूला पाहिलं. कडेवरच्या धाकट्यानं आईच्या हातातला तुकडा ओढून घेतला. मुलं आता आईबापांच्या मधे घुसून बसली होती, "हे मी चिरलं", "ही भाकरी माझी" असा कलकलाट चालला होता, आणि नळाकडे कुणी म्हणजे कुणी गेलं नाही. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांना काउंटर धरून उभं राहावं लागलं. सव्वीस वर्षं भिंतीपलीकडे राहिलेलं सगळं आज त्यांच्यासमोर चटईवर बसून जेवत होतं.

मोठ्या बाईंनी तिसरा तुकडा तोडला. चौथा तोडला. गणिताचे सर त्यांच्यासमोरच्या भागातला मसूर ओढत होते, तेव्हा सरांच्या हातावर त्यांनी हलकेच चापट मारली. "सर, आपापल्या समोरचं. आत्ताच सांगितलं ना मुलांनी?" आणि मग बाटलीचं झाकण घट्ट पिळून बंद केलं. "तुमचे जादा तास खालच्या वाचनालयात घ्या. मंगळवारी ही खोली मोकळी नाही." सरांनी मान हलवली, तोंड भरलेलं होतं. मापपट्टी खिशातून पडली ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

मुलांनी जो आरडाओरडा केला त्यानं शिपाई पुन्हा धावत वर आला. या वेळी त्याला ओढून तबकाशी बसवलं.

"कॅप्टन, तुम्ही?" शंका समोर उभी होती. हातात भाकरीचा तुकडा, त्यात मसूर आणि कोबी गुंडाळलेली.

"मी नंतर. वाढणाऱ्यानं आधी..."

"शेवटची चिठ्ठी राहिलीये वाचायची," शंका म्हणाली. "तिकडे ज्याच्यावर जीव असतो त्याला आपल्या हातानं घास भरवतात. आणि नाही म्हणायचं नसतं."

सगळी खोली बघत होती. बाईंनी आ केला. शंकानं टाचा उंचावून घास त्यांच्या तोंडात घातला. बाई चावू लागल्या. हळूहळू, डोळे मिटून, सव्वीस वर्षांची सगळी सवय जिभेवर गोळा करून.

"कसं लागतंय?" खांबाला राहवेना.

बाईंनी डोळे उघडले. त्यात पाणी होतं. पण मुलांनी चार मंगळवार त्यांना सांभाळून घेतलं होतं, त्यांच्याशी आता खोटं बोलणं बरं नव्हे.

"खरं सांगू? अळणी."

मग खांबानं दोन्ही हात छताला लावले आणि ओरडला, "अळणी! कॅप्टनना अळणी लागलं! म्हणजे एकदम बरोबर जमलंय!"

हसण्याचा असा कल्लोळ उठला की मोठ्या बाईंच्या मांडीजवळची भरलेली बाटली कलंडून चटईवरून गडगडत गेली. कॅप्टनबाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि त्यांचा उजवा हात सवयीनं बरणीकडे निघाला होता. शंकानं बरणी पाठीमागे लपवली आणि दुसरा घास पुढे केला. बाईंनी हात मागे घेतला आणि पुन्हा आ केला.